डायोड मी हलवले

अहो, तुमचं मशीन मी उघडलं. झाकण काढून नुसती धूळ पुसली असं समजू नका. तुमचे दोन डायोड बोर्डावरून सोडवले आणि मागच्या हीटसिंकवर, त्या उष्णता ओढून घेणाऱ्या पट्ट्यावर, नेऊन बसवले. जिथे बसवायचे नाहीत असं तुम्ही मला बजावून ठेवलं होतं, नेमके तिथेच. आता बोला.

माणूस जाऊन दोन महिनेही झाले नाहीत आणि ही बाई भांडायला लागली, असं कोणाला वाटलं तर वाटू दे. आपण लग्न झाल्यापासून भांडत आलो. दोघांतल्या एकाने बोलणं थांबवलं म्हणून भांडण मिटत नसतं. आणि हे भांडण तर तुम्ही अर्धवट टाकून गेलात, कारण त्यात तुम्ही हरत होतात. हे तुम्हालाही माहीत होतं.

विश्रांतवाडीच्या आपल्या विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं खूप आली. वंदना झाली, भाषणं झाली. विहारातला तो ॲम्प्लिफायर तुम्ही स्वतः बांधलेला, त्यामुळे प्रत्येकाने त्याचं नाव काढलं. दादांनी आपल्याला आवाज दिला, असं एक जण म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मला बोलायला उभं केलं. मी चार वाक्यं मनाशी ठरवून गेले होते. माझा आवाज मुळात बारीक, त्यात त्या दिवशी आणखीच खाली गेलेला. माईकमधून जे बाहेर पडलं ती नुसती खरखर होती, फरशीवरून पत्रा ओढावा तशी. मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. तुमच्याबद्दल मी जे बोलले ते तुमच्याच मशीनने कोणाला ऐकू दिलं नाही.

नंतर कमिटीचे सेक्रेटरी वानखेडे भाऊ माझ्याजवळ आले. चेहरा अगदी गंभीर.

“वहिनी, मशीन म्हातारं झालं आता. दादा होते तोवर चाललं. कमिटी नवीन घेतेय. हे आपण काचेच्या कपाटात ठेवू, वर दादांचा फोटो लावू. दर वर्षी हार घालत जाऊ.”

“हार कोणाला?” मी विचारलं.

“म्हणजे दोघांनाही.”

“दर रविवारी इथे उभे राहून तुम्हीच सांगता ना, वस्तूंची पूजा करू नका म्हणून? आता ट्रान्सफॉर्मरला हार घालणार?”

ते हसले. दुःखात आहेत, बोलू दे, असं त्यांना वाटलं असावं. मी आपल्या प्रज्ञाला हाक मारली आणि गाडीची डिकी उघडायला सांगितली. वानखेडे भाऊ मागून म्हणत होते की राहू द्या, कशाला त्रास करून घेता. मी म्हटलं, “मशीन एकतर चालेल, नाहीतर भंगारात जाईल. कपाटात बसणार नाही.” तुमची मुलगी वारज्याहून आली होती, आईला आपल्या घरी घेऊन जायला. तिला आईऐवजी एक जड पेटी उचलावी लागली.

घरी आल्यावर तिने पहिली गोष्ट काय केली असेल? तुमचं टेबल धुंडाळलं. “बाबांनी काही लिहून ठेवलंय का? सर्किट डायग्राम, नोट्स, काहीतरी? मी स्कॅन करून ठेवते.” चांगलं मन आहे तिचं, तुमच्यासारखं हट्टी नाही. पण कागद असणार कुठून? तुम्ही ते कधी शिल्लक ठेवलेत का? सकाळी चहाच्या वेळी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी एक सर्किट काढायचं, आकडे मांडायचे, तुम्ही बघायचं आणि कप खाली ठेवायच्या आत तो कागद टराटरा फाडायचा. मी चिडायचे. एवढं नीट काढलेलं, राहू द्या की. तुमचं एकच उत्तर ठरलेलं: “जपून ठेवला का डोकं आळशी होते. उद्या परत काढ.” पुण्यात उभा जन्म काढलात, पण वऱ्हाड काही तोंडातून गेलं नाही.

तर प्रज्ञाला मी म्हटलं, “कागद नाहीत. मी आहे.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला ते दिसलंच. मला हे येत असेल, असं तिला वाटत नव्हतं. तिच्या दृष्टीने, वानखेड्यांच्या दृष्टीने, सगळ्या विहाराच्या दृष्टीने मी तुमचे हात होते. आणि त्याला कारण तुम्ही आहात.

कारखान्याच्या सर्व्हिस विभागातून तुम्ही निवृत्त झालात आणि वर्षभरात तुमचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. सोल्डरिंग आयर्न धरायला गेलात की टोक भलतीकडेच जायचं. एकदा तुम्ही ते टेबलावर ठेवून दिलंत आणि खिडकीबाहेर बघत बसलात. मी तेव्हा सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त होऊन घरात नुसतीच फिरत होते. तुम्ही म्हणालात, “तुझे हात रिकामेच आहेत ना? दे इकडे.” तशी मी शिकले. हौस म्हणून नाही हो, तुमचं ते खिडकीबाहेर बघणं मला सहन होईना म्हणून.

पण शिकले ती नुसतं सोल्डर लावायला नाही. आपल्या टेबलावर एक रिवाज होता, तो दुसऱ्या कुठल्या घरात असेल असं मला वाटत नाही. आधी आकडा सांगायचा, मग मीटर बघायचा. ट्रान्झिस्टरचे तीन पाय, बेस, एमिटर आणि कलेक्टर; त्यातल्या एकावर मी मीटरच्या काड्या टेकवल्या की तुम्ही मीटरच्या काचेवर हात झाकून धरायचात. तो हात थरथरायचा, बोटांच्या फटीतून आकडे दिसायचे आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघायचे.

“बारा व्होल्ट आहेत. वरचा रेझिस्टर सत्तेचाळीस के, खालचा दहा के. बेसवर किती?”

“दोन. दोनच्या थोडं वर.”

“मंग एमिटरवर?”

“त्यातून सहा-साडेसहा दशांश गेले. दीडच्या आत-बाहेर.”

“आन कलेक्टरवर?”

तिथे मला वेळ लागायचा. एमिटरच्या व्होल्टवरून करंट काढायचा, तोच करंट वरच्या रेझिस्टरमधून जातो म्हणून तिथे किती पडले ते काढायचं, बारातून ते वजा करायचं. “सहा,” मी म्हणायचे, “सहाच्या जरासं वर.” मग तुमचा हात बाजूला व्हायचा. आकडा जुळला तर तुम्ही काही बोलायचा नाहीत, पुढच्या भागाकडे वळायचात. चुकला तर म्हणायचात, “काहून घाई करून राहिली?”

बायसिंग हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो मला कचेरीतल्या पक्षपातासारखा वाटला होता. तुम्ही हसून गॅलरीतल्या झोपाळ्याकडे बोट दाखवलंत. झोपाळा भिंतीला चिकटवून टांगला तर मागे येताना आपटणार. मधोमध टांगला तर दोन्हीकडे मोकळा जाणार. माईकमधून येणारा आवाजही असाच वर-खाली जातो, तर तो यायच्या आधीच ट्रान्झिस्टरला मधोमध टांगून ठेवायचं. एवढंच ते. लोक वर्षानुवर्षं पुस्तकं घोकतात आणि परीक्षा संपली की विसरतात, ते तुम्ही चहा थंड व्हायच्या आत सांगून मोकळे झालात. याचे उपकार मी मानते. ते मानते म्हणून भांडायचा हक्क सोडत नाही.

बुधवार पेठेतल्या दुकानातून मी पहिल्यांदा एकटीने ट्रान्झिस्टर आणले ते आठवतंय? दुकानदाराने विचारलं, साधा हवा की जास्त गेनचा, म्हणजे आवाज जास्त वाढवणारा. मी बाजारात कांदे निवडते तसा सगळ्यात भारी निवडून आणला. तुम्ही तो एका जुनाट सर्किटमध्ये लावायला दिलात, ज्यात बेसला एकच रेझिस्टर होता. आवाज पार चिरकला. मग तोच ट्रान्झिस्टर चार रेझिस्टरवाल्या सर्किटमध्ये लावायला दिलात. आवाज ठणठणीत. नंतर साधा लावला, तरी तसाच ठणठणीत. “पाह्य,” तुम्ही म्हणालात, “सर्किट असं पाह्यजे का त्यात कोणता ट्रान्झिस्टर बसला त्यानं काही फरक पडू नये. एकावर भरवसा ठेवून मशीन बांधणं म्हणजे मशीन न बांधणं.”

हे तुमचं वाक्य. मग मला सांगा, विहाराचा सगळा आवाज एका माणसावर टांगून का ठेवलात?

एका जयंतीच्या आधी कमिटीची माणसं मशीन न्यायला आली होती. मी बोर्डावर वाकून एक कपॅसिटर बदलत होते, तुम्ही खुर्चीत. कोणीतरी कौतुकाने म्हणालं, वहिनी पण शिकल्या वाटतं. तुम्ही म्हणालात, “हात तिचे, डोकं माझं.” सगळे हसले. मीही हसले आणि चहा टाकायला उठले. तुम्ही ते वाक्य दुसऱ्या मिनिटाला विसरलात. मी विसरले नाही, आणि तुम्ही पुढे कधी ते मागेही घेतलं नाहीत. इतकी वर्षं रोज सकाळी माझे आकडे जुळले, पण ‘आता तुला येतं’ एवढे तीन शब्द तुमच्या तोंडून निघाले नाहीत.

साठीनंतर डोक्यात काही टिकत नाही, हे मला सगळ्यांनी ऐकवलं. माझ्या बहिणीने, शेजारणीने, डोळ्यांच्या डॉक्टरनेसुद्धा. खरं आहे, मी विसरायचे. आठवडाभर पाहुणे राहिले की सूत्रं सगळी पुसून जायची. तुम्ही आजारी पडलात तेव्हा तर महिनाभर टेबलाकडे फिरकले नव्हते आणि परत बसले तेव्हा बेस कुठला नि कलेक्टर कुठला इथून सुरुवात होती. पण तुम्ही सूत्र पाठ करू दिलंच नव्हतंत. “विसरली तर विसरली. रस्ता आठवते ना? मंग चालत जा.” बेसवरून एमिटर, एमिटरवरून करंट, करंटवरून कलेक्टर. मी चालत गेले आणि पोचले. ज्यांना माझ्या वयाची काळजी आहे त्यांना मी एवढंच सांगते की उद्या परत विसरेन आणि परवा परत काढेन. त्याला काय झालं?

नोकरीत मी जन्मभर दुसऱ्यांच्या टिपणांवर सह्या केल्या. ‘अवलोकनार्थ सादर’ लिहून फायली पुढे ढकलल्या. माझा म्हणून एक आकडा काढावा, तो हवेत सांगावा आणि पुढच्या क्षणी मीटरने हो म्हणावं, हे सुख मला त्या टेबलावर पहिल्यांदा मिळालं. ते तुम्ही दिलंत. तुमच्या सगळ्या हट्टासकट मी तुम्हाला त्यासाठी माफ करायला तयार होते.

पण त्या डायोडसाठी नाही.

मशीनच्या शेवटच्या टप्प्यात दोन मोठे ट्रान्झिस्टर. एक आवाजाच्या लाटेचा वरचा भाग ओढतो, दुसरा खालचा. ते मला समजेना तेव्हा तुम्ही मला मार्केट यार्डात दाखवलंत. आपण कांद्याचं पोतं आणायला गेलो होतो आणि दोन हमाल ट्रकवरून पोती उतरवत होते, एक वरून सोडायचा, दुसरा खालून झेलायचा. तुम्ही भर गर्दीत मला थांबवलंत. “पाह्य, खालच्याचा हात पोत्याला लागल्याशिवाय वरचा सोडत नाही. लवकर सोडलं तर पोतं पडते. दोघांनीही धरूनच ठेवलं तर दोघंही दमते.” पोतं एका हातातून दुसऱ्या हातात जाताना क्षणभर दोघांनी धरायचं, तेवढाच बायस, म्हणजे आधीपासून चालू ठेवलेला थोडासा करंट, त्या दोन ट्रान्झिस्टरना द्यायचा. कमी दिला तर दर वेळी मध्ये पोतं पडतं, म्हणजे आवाज फाटतो. मोठा आवाज असला तर ते फाटणं झाकून जातं. बारीक आवाजात मात्र दुसरं काही उरतच नाही.

हे सगळं मला शिकवणारा माणूस स्वतःच्या मशीनला बायस कमी देऊन बसला होता. का, तेही मला ठाऊक आहे. फार पूर्वी एका एप्रिलमध्ये, जयंतीच्या कार्यक्रमात, भर दुपारी मांडवात तुमच्या मशीनमधून धूर निघाला होता. थंडीतल्या सकाळी घरात बसून लावलेला बायस एप्रिलच्या मांडवात कसा चालेल? ट्रान्झिस्टर तापला की त्यातला करंट आपोआप वाढतो, करंट वाढला की तो आणखी तापतो, आणि असं करत तो स्वतःलाच जाळून घेतो. सगळ्या वस्तीसमोर तुमची मान खाली गेली. त्यानंतर तुम्ही बायस जो खाली आणलात तो परत वर केलाच नाहीत. “कमी ठेवला का जळत नाही,” म्हणायचात.

“पण बारीक आवाज फाटतो.”

“मोठ्यानं बोलावं मंग.”

पुरुषांची भाषणं उत्तम ऐकू यायची. वंदना म्हणणाऱ्या बायका खरखरायच्या. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांना वाटायचं की आपलाच आवाज खराब.

मी तुम्हाला उपाय सांगितला होता. हा बायस ठरवणारे दोन डायोड तुम्ही बोर्डाच्या कोपऱ्यात ठेवले होते, वाऱ्यावर, थंड. पलीकडे ट्रान्झिस्टर भाजून निघतोय याची त्यांना खबरच नाही. तेच डायोड त्याच हीटसिंकवर, ट्रान्झिस्टरच्या शेजारी चिकटवून बसवले तर तेही तापतील, तापले की त्यांच्यावरचे व्होल्ट उतरतील आणि त्यासरशी बायस आपोआप खाली येईल. मग तो मुळात कमी ठेवायची गरज नाही. मी हे कुठून वाचलं नव्हतं. चहाच्या वेळी, कॅलेंडरच्या पाठीवर, माझ्या डोक्याने काढलं होतं. तुम्ही कागद बराच वेळ पाहिलात. मग नेहमीसारखा फाडलात आणि म्हणालात, “चालून राहिलं ना? मंग हात लावू नको.”

पुढे त्या कंपवाताने तुमचाच आवाज खाली खेचला. खणखणीत बोलणारा माणूस, समोर बसलं तरी कान द्यावा लागायला लागला. एका पौर्णिमेला वानखेडे भाऊंनी तुमच्या हातात माईक दिला. तुम्ही बोलायला लागलात आणि तुमच्या मशीनने तुमचं बोलणं फाडलं. दोन वाक्यांवर तुम्ही थांबलात. “घसा बरा नाही आज,” म्हणून माईक परत दिलात. तुम्हाला कळलं होतं. घशाचं नव्हतं ते, बायसचं होतं. परत येताना रिक्षात मी म्हटलं, आता तरी मला डायोड हलवू द्या. तुम्ही बाहेर बघत म्हणालात, “नको.” त्यानंतर तुम्ही विहारात कधी बोलला नाहीत.

मी तेव्हा गप्प बसले. आता बसणार नाही. मशीन जळलं तर ते परत उभं करायला तुमचे हात नव्हते, माझे होते. म्हणजे प्रश्न डायोडचा नव्हता. तुम्हाला माझी खात्री नव्हती. स्वतःचा आवाज गमावणं तुम्हाला चाललं, पण माझ्या डोक्यावर मशीन सोपवणं चाललं नाही. मला याचा राग आहे. रडता रडताही आहे. लोक म्हणतात गेलेल्या माणसावर रागावू नये. मग कोणावर रागवायचं? वानखेड्यांवर?

तर परवा सकाळी मशीन टेबलावर घेतलं. प्रज्ञा समोर बसली, ऑफिसचं काम मांडीवर घेऊन, पण डोळे माझ्याकडे.

“आई, जळलं तर?”

“तर नवीन ट्रान्झिस्टर आणून बसवीन.”

“बाबांच्या हातचं आहे ते.”

“म्हणूनच चुकीचं ठेवायचं नाही.”

बोलले खरी, पण एक धोका होता. मी जर चुकले, तर तुमचं वाक्य खरं ठरणार होतं, कायमचं. हात माझे आणि डोकं तुमचं, आणि डोकं गेलं. डायोड काढले, त्यांच्या पायांना वायर जोडल्या, पांढरी पेस्ट लावून हीटसिंकवर पट्टीखाली आवळले. मशीन आणि प्लगच्या मध्ये तुमचा शंभर वॅटचा बल्ब जोडला, म्हणजे आत काही गडबड असली तर जादा करंट बल्ब खाईल आणि मशीन वाचेल. बटण दाबलं. बल्ब भगभगून पेटला.

मी बटण बंद केलं. खुर्चीत बसले. खरं सांगते, त्या वेळी तुम्ही हवे होतात. नुसते समोर, काही न बोलता.

मग चालत गेले, तुम्ही शिकवलं तसं. दोन्ही ट्रान्झिस्टर एकदम जोरात चालू झाले, म्हणजे बायस खूप वाढला. बायस कोण अडवून धरतं? डायोड. ते मध्ये नसतील तर? “डायोडची वायर सुटलीय,” मी म्हणाले.

प्रज्ञाने विचारलं, “वायर सुटली तर करंट बंद व्हायला हवा ना?” कॉलेजात तिलाही हा विषय होता. प्रश्न अगदी बरोबर होता तिचा.

“दिव्याची सुटली तर बंद होतो. इथे डायोड करंट देत नाहीत, आवरून धरतात. ते सुटले की आवरायला कोणी उरत नाही.”

भिंग लावून पाहिलं. एका वायरचं सोल्डर कच्चं होतं. हात माझे चुकले होते, हो. डोकं चुकलं नव्हतं. परत सोल्डर केलं, बटण दाबलं, बल्ब क्षणभर उजळला आणि विझत आला.

बायस हळूहळू वर नेला, मोठ्या ट्रान्झिस्टरच्या पायाशी असलेल्या छोट्या रेझिस्टरवर दहा मिलिव्होल्ट येईपर्यंत. तुमच्या काळात तिथे शून्य असायचं. मग बल्ब काढून ती सगळी वरात दुपारी गच्चीवर नेली. ऊन म्हणजे एप्रिलचं, फरशीवर पाय ठरेना. स्पीकरवर दोन गोधड्या टाकल्या, नाहीतर सोसायटी वर आली असती, आणि प्रज्ञाच्या फोनमधलं वानखेडे भाऊंचं एक लांबलचक भाषण मोठ्या आवाजात लावून दिलं. त्या भाषणाने कोणीही तापलं असतं. हीटसिंकला हात लावता येईना, तेव्हा भाषण बंद केलं. आता मशीन गप्प होतं. गप्प असताना मीटर चढत गेला, तर सगळं संपलं.

काड्या टेकवल्या. मीटरच्या काचेवर मी स्वतःचाच हात ठेवला.

“पंधराच्या आत,” मी मोठ्याने म्हणाले. “आणि इथून खालीच येईल.”

हात काढला. चौदा होते. तेरा झाले, बारा झाले, अकरावर येऊन थांबले. प्रज्ञा मीटरकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. “आई, तुला येतं हे,” ती म्हणाली. मला ते ज्याच्याकडून ऐकायचं होतं तो माणूस नव्हता, पण ऐकलं मी, आणि घेतलं. मग गच्चीच्या कठड्याला टेकून मी जी रडले ती तुमच्यासाठी. किती सोपं होतं हो ते. दोन डायोड आणि दोन वायरी. एवढ्यावर तुमचा आवाज परत मिळाला असता.

काल रविवारी मशीन विहारात नेलं. वंदना झाली. बायकांचे आवाज पहिल्यांदाच आवाजांसारखे वाटले, हळू बोलणारीचाही शब्द न् शब्द कळत होता. वानखेडे भाऊ चकित. त्यांनी माईक घेतला आणि जाहीर केलं, “बघा, दादांनी किती पुढचा विचार करून मशीन बांधलं होतं. इतकी वर्षं झाली, आजही काय आवाज देतंय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठले आणि माईक मागितला. आवाज चढवला नाही, घरात बोलते तसंच बोलले. “हे दादांनी केलेलं नाही. या मशीनमध्ये त्यांची एक चूक राहिली होती. ती त्यांना माहीत होती आणि ते ऐकत नव्हते. ती मी काढली. मशीन कपाटात जाणार नाही. बिघडलं तर मी दुरुस्त करीन, आणि ज्यांना शिकायचंय त्यांनी दर रविवारी सकाळी माझ्या घरी यावं.”

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. वानखेडे भाऊ पायाकडे बघत होते. मी माईक ठेवला आणि जागेवर येऊन बसले. तुमच्या चुकीबद्दल, तुमच्याच मशीनमधून, मी माझ्या बारीक आवाजात बोलले होते, आणि शेवटच्या रांगेतल्या कोणीही शेजारणीला विचारलं नाही की काय म्हणाल्या.